सात नंबरचा पाटकरी

श्रीरामपूर तालुक्यात कालव्याच्या सात नंबर चारीवर कुणालाही विचारा, सहादेव पाटकऱ्याबद्दल दोन गोष्टी हटकून ऐकायला मिळतील. एक म्हणजे हा माणूस सख्ख्या मेव्हण्यालाही पाच मिनिटं जास्त पाणी देत नाही. आणि दुसरी, त्याच्या पोटात त्याच्या बायकोची किडनी आहे. पहिली गोष्ट सांगताना लोक अजूनही जरा चिडतात. दुसरी सांगताना मात्र अशा तोऱ्यात सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं, किडनी सगळ्या गावानं मिळून दिली.

कालव्याचं पाणी शेतकऱ्यांना पाळीपाळीनं वाटून देणारा माणूस म्हणजे पाटकरी. पाटबंधारे खात्याच्या कागदावर त्याचं नाव अगदी तळाला असतं. पण आवर्तन सुटलं, म्हणजे कालव्याला ठरल्या दिवसांचं पाणी आलं, की पुढचे पंधरा-वीस दिवस पंचक्रोशीत त्याच्याएवढा मोठा माणूस कुणी नसतो. ऊस वाळत असतो, कांदा माना टाकत असतो आणि चारीच्या दाराची हातभर लांब लोखंडी चावी त्याच्या खांद्यावर असते. सहादेवनं ही चावी एकतीस वर्षं वागवली.

पाणी वाटायचा नियम शेजपाळीचा. आधी चारीच्या पार टोकाच्या शेताला, टेलला पाणी, मग एकेक शेत वर सरकत सरकत सगळ्यात शेवटी मुखाजवळच्या शेताला. नियम कागदावर सगळीकडेच आहे. प्रत्यक्षात मुखाजवळचा माणूस दांडगा असतो, तो आधी पाणी ओढतो आणि टेलवाला बसतो आभाळाकडे बघत. सात नंबरवर तसं होत नाही, कारण सात नंबरवर सहादेव आहे. कुणाचं पाणी किती वाजता सुरू झालं, किती वाजता बंद झालं, हे तो मिनिटासकट वहीत लिहितो आणि खाली शेतकऱ्याची सही घेतो. ज्याला सही येत नाही त्याचा अंगठा. पाळी चालू असताना दारावरून उठायचं नाही, हा त्याचा आणखी एक नियम. माणूस उठला की मागे कुणीतरी दाराची फळी सरकवणारच. त्यामुळे तरण्या वयात तो सहा-सहा तास लघवीलाही न उठता दारावर बसून राहायचा आणि या गोष्टीचा त्याला भलता अभिमान होता.

त्याची बायको राहीबाई शेजारच्याच शिवारातली. तिचा थोरला भाऊ वाल्मिक, त्याचं शेत नेमकं चारीच्या मुखाशी. एका उन्हाळी आवर्तनात वाल्मिकचा ऊस पिवळा पडला होता. पाळी संपली तेव्हा त्याचे दोन वाफे कोरडे राहिले. त्यानं दाजींना दोन तास मागितले. सहादेवनं घड्याळ पाहिलं, चावी फिरवली आणि दार बंद केलं. वाल्मिक तिथंच म्हणाला की आजपासून तुमचा-आमचा संबंध संपला. पुढच्या पाच भाऊबिजा राहीबाईनं ताट तयार ठेवलं आणि संध्याकाळी पुन्हा डब्यात भरलं. नवऱ्याला ती कधी एका शब्दानं बोलली नाही. भावालाही बोलली नाही. रडली मात्र दरवर्षी.

सहादेवची किडनी गेली ती कालव्याच्या भरावावरून चालून. म्हणजे चालण्यानं गेली नाही. रोज दहा-बारा किलोमीटर चालून गुडघे धरायचे, आणि गुडघे धरले की तो मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून घ्यायचा. दोन घेतल्या की दिवसभर बरं वाटे. अशा गोळ्या त्यानं आठ-नऊ वर्षं खाल्ल्या. जोडीला ब्लडप्रेशर होतं, ते त्यानं कधी मोजलंच नाही. जगाचं पाणी मोजणाऱ्या माणसाला स्वतःचं काही मोजायचं सुचलं नाही. मग एकदा पायांना सूज आली, तोंडाला चव राहिली नाही, आणि श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, की दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ संपली आहेत.

डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास. डाव्या हाताच्या रक्तवाहिन्या जोडून घेतल्या, त्यात दोन सुया, आणि शेजारच्या यंत्रातून रक्त धुऊन परत अंगात. वर्षभरात लघवी कमी कमी होत थांबली. प्यायलेलं पाणी बाहेर जायला वाटच उरली नाही, तेव्हा दिवसाला साडेसातशे मिली पाणी, त्यात चहा आला, आमटी आली, गोळीबरोबरचा घोटही आला.

आता आपल्याकडे दारी आलेल्याला चहा दिल्याशिवाय कुणी सोडत नाही, आणि पाटकरी तर दिवसात वीस दारांपुढून जाणार. सहादेवनं एक युक्ती काढली. कुणाकडे बसला की तोच पुढे होऊन कप पालथा करायचा. पहिले काही दिवस लोकांना राग आला. मग लोक स्वतःच म्हणायला लागले, सहादेवनानांचा कप पालथा घाला. डायलिसिस सेंटरमधल्या बाकीच्या पेशंटांचं वजन दोन दिवसांत तीन-चार किलोनं वाढायचं, सगळं अंगात साचलेलं पाणी. शेजारच्या खाटेवरचा एक बागायतदार तर मुद्दाम तांब्या-तांब्या पाणी प्यायचा, जोर लावला की लघवी सुटेल म्हणून, आणि दर खेपेला धापा टाकत यायचा. सहादेवचं वजन तीन वर्षांत एकदाही दीड किलोच्या वर वाढलं नाही.

तिथली टेक्निशियन ज्योती त्याला मामा म्हणायची. नवीन पेशंट आला की ती त्याला आधी सहादेवच्या खाटेपाशी आणायची. "या मामांना विचारा, पाणी कसं सांभाळायचं ते," म्हणायची. तेव्हा सहादेव सुया टोचलेला हात तसाच ठेवून ताठ बसायचा. त्या खाटेवर ताठ बसणारा माणूस तोच एक.

एकदा त्यानं तिला विचारलं, "ज्योती, ह्ये लगवीचं पानी बनतं कुठं आन साठतं कुठं? मला नीट समजून सांग."

ज्योतीनं एका रिकाम्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेननं काढून दाखवलं. पाठीमागे बरगड्यांखाली दोन मूत्रपिंडं, मुठीएवढी. ती रक्त गाळतात, दिवसरात्र, एक मिनिट न थांबता. गाळून निघालेलं पाणी दोन बारीक नळ्यांतून थेंबथेंब खाली येतं. आणि ओटीपोटात, समोरच्या हाडाच्या मागे, लघवीची पिशवी. तिची भिंत स्नायूची. रिकामी असली की आतून घड्या पडलेल्या, भरत आली की घड्या उलगडतात. दीड-दोनशे मिली साठलं की ती मेंदूला सांगावा धाडते. चारशे-पाचशेला तटतटते. तोंडाशी दोन कड्या. आतली आपल्या हुकमात नाही, बाहेरची आहे. लहान मूल ती बाहेरची कडी धरायला शिकतं, तेव्हा आपण म्हणतो पोर शहाणं झालं.

"आन ह्या नळ्या पिशवीत अशा तिरप्या का शिरल्यात?" सहादेवचं बोट बरोबर तिथंच गेलं.

"पिशवी भरली की तिची भिंत दाबली जाते मामा, आणि तिरपी नळी त्या दाबानं आपोआप मिटते. भरलेलं पाणी उलटं वर किडनीकडे जात नाही."

सहादेवनं मोकळ्या हातानं पुठ्ठा जवळ ओढला. इतक्या वर्षांत त्यानं कितीतरी दारं पाहिली होती, गंजलेली, गळकी, साहेबांनी उद्घाटन केलेली. असं दार पाहिलं नव्हतं. "ह्ये डिझाइन कुन्या इंजिनिअरचं?" त्यानं विचारलं.

ज्योतीनं गळ्यातल्या बारीक क्रॉसला हात लावला आणि हसली. "ते साहेब आपल्या दोघांच्याही वरचे आहेत."

"आन माज्या पिशवीत आत्ता काय हाय?"

"काही नाही मामा. कोरडी आहे."

घरी जाताना त्यानं तो पुठ्ठा मागून नेला.

किडनी देण्याचं राहीबाईनं परस्पर ठरवलं. ती कुणाला विचारत बसली नाही. रक्तगट जुळला, तपासण्या झाल्या, पन्नाशीच्या बाईची दोन्ही मूत्रपिंडं ठणठणीत निघाली. पुण्याच्या हॉस्पिटलात अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीपुढे तिला विचारलं, तुमच्यावर कुणी जबरदस्ती केली का. ती म्हणाली, "माज्यावर जबरदस्ती करायची कुनाची टाप हाय?" समितीतल्या एका बाईंना हसू आवरेना.

बातमी वाल्मिकपर्यंत गेली आणि पाच वर्षांनी तो बहिणीच्या दारात आला. सहादेव कालव्यावर गेला होता. वाल्मिक ओट्यावरच बसला.

"राही, ज्या मानसानं आपल्याला दोन तास पानी दिलं न्हाई, त्याला तू पोट फाडून किडनी देनार?"

राहीबाई गहू निवडत होती. ती निवडतच राहिली. "दादा, त्यानं तुला पानी दिलं न्हाई म्हनूनच देते. सख्ख्या मेव्हन्यासाठी ज्यानं वही खोटी केली न्हाई, त्यो माजी किडनीबी नीट सांभाळंल. दुसरा असता तर मीच इचार केला असता."

वाल्मिक चहा न घेता उठून गेला. पण हे वाक्य त्यानं गावात चार ठिकाणी सांगितलं, तक्रार म्हणून. लोकांना ते राहीबाईचं कौतुक वाटलं.

मे महिन्यात ऑपरेशन झालं. शेजारी शेजारी दोन थिएटरं. राहीबाईचं डावं मूत्रपिंड काढलं आणि सहादेवच्या पोटात उजवीकडे खाली बसवलं. जुनी दोन तशीच आत राहू दिली. रक्तवाहिन्या जोडल्या, नव्या किडनीची नळी पिशवीला शिवली. राहीबाई गुंगीतून बाहेर आली तेव्हा ओठ कोरडे पडले होते. सिस्टरनं ओला कापूस ओठांना लावला, तर तिनं पहिला प्रश्न केला, "त्यांचं पानी सुटलं का?"

"टेबलावरच सुटलं आजी. पिशव्या बदलून आमचे हात दुखायला लागलेत."

पहिल्या दिवशी नऊ लिटर. राहीबाई हसायला गेली आणि टाक्यांना कळ लागली, म्हणून तिनं हसणं पुढे ढकललं. तिकडे सहादेव लघवीसाठी घातलेल्या नळीतून टपटपणारं पाणी बघत पडला होता. तीन वर्षांनी त्याच्या अंगातून पाणी वाहत होतं, आणि ते राहीचं होतं. त्याच्या डोळ्यांना धार लागली, ती मात्र कुणी मोजली नाही.

ती बाहेरची नळी काढल्यावर खरी पंचाईत झाली. दर पंधरा-वीस मिनिटांनी उठावं लागे आणि यायचं किती, तर साठ-सत्तर मिली. डॉक्टर यामिनी तरुण, बोलायला स्पष्ट. त्यांनी समजावलं, "सहादेवराव, तीन वर्षं कोरडी राहून तुमची पिशवी आक्रसली आहे. भिंत जाड झाली आहे. आता रोज पाणी येतंय, तर ती हळूहळू आपोआप मोठी होईल. तुम्ही फक्त वेळ पाळायची. आधी तासाला, मग दर दोन तासांनी. लागो न लागो, घड्याळ बघून जायचं. तुंबवायचं नाही."

आता गंमत बघा. याच माणसानं साडेसातशे मिलीचा नियम तीन वर्षं एका थेंबानंही चुकवला नव्हता. पण या वेळी त्यानं ऐकलं ते एवढंच, की पिशवी मोठी होईल. कशी होईल, हे त्याचं त्यानं ठरवलं. त्याला आवर्तनाआधी दारावर हजर व्हायचं होतं, आणि तासातासाला उठणारा माणूस पाटकरी कसला? साठवण वाढवायची तर पाणी अडवावं लागतं, हे कालव्याच्या माणसाला शिकवायची गरज नसते. घरी आल्यावर दोन महिन्यांनी त्यानं अडवायला सुरुवात केली. दोन तासांचे तीन केले, तीनाचे चार. दात आवळून बसायचा. मग मापाच्या मगात मोजायचा आणि वहीत लिहायचा. दोनशे दहा. दोनशे साठ. तीनशे चाळीस. ज्या दिवशी साडेचार तास धरलं, त्या दिवशी तो अंगणातून छाती काढून चालला. राहीबाईला वाटलं, तब्येत सुधारली.

पंधरा दिवसांनी टाक्यांच्या वर ठणका लागला. तो काही बोलला नाही. नेहमीची रक्ततपासणी आली तेव्हा क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती गाळते हे दाखवणारा आकडा, एक पूर्णांक दोनवरून दोन पूर्णांक सहावर गेला होता. तो वाढणं म्हणजे किडनी मागे हटणं. त्याच दिवशी गाडी करून पुण्याला नेलं. सोनोग्राफीत दिसलं, की नवी किडनी पाण्यानं सुजली आहे.

डॉक्टर यामिनींनी लघवीची वही मागितली. सहादेवनं दिली. खाडाखोड नाही, लपवालपवी नाही, सगळ्या वेळा मिनिटासकट. त्यांनी दोन पानं वाचली आणि वर पाहिलं.

"सकाळी सहा, मग थेट साडेदहा. हे खरं आहे?"

"वहीत खोटं नसतं, म्याडम."

"का अडवलंत?"

"पिशवी मोठी व्हावी म्हनून."

त्या रागावल्या नाहीत, हे जास्त वाईट होतं. "तुमच्या जुन्या नळ्या पिशवीत तिरप्या शिरतात. भरल्यावर आपोआप मिटतात. पण ही नवी नळी आम्ही शिवली आहे. ती तेवढी घट्ट मिटत नाही. पिशवी तटतटली की पाणी उलटं किडनीत चढतं, आणि वरून नवीन पाणी तर येतच असतं. त्या बिचारीनं जायचं कुठं?"

सहादेवला तो पुठ्ठा आठवला. घरी देव्हाऱ्याशेजारी खोचून ठेवलेला. नेमकी जी गोष्ट बघून तो थक्क झाला होता, तीच तो विसरला होता.

"वाचंल का किडनी?" राहीबाईनं विचारलं.

"पुन्हा बाहेरून नळी घालू. पाच दिवसांनी सांगते."

वॉर्डात दुपारची सामसूम होती. राहीबाई खाटेजवळच्या स्टुलावर बसली. लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती, त्यात ती नवऱ्यावर आवाज चढवून कधी बोलली नव्हती. आताही आवाज चढला नाही.

"माज्या सख्ख्या भावाला तुमी दोन तास जादा दिलं न्हाई. मी काय बोलले?"

"न्हाई."

"पाच भाऊबिजा गेल्या. मी काय बोलले?"

"न्हाई."

"का न्हाई बोलले? तर म्हनलं, ह्यो मानूस कुनाची पाळी कुनाला देत न्हाई. कुनाचं पानी अडवत न्हाई. मला लई अभिमान हुता. आन माज्या किडनीचं पानी तुमी साडेचार तास अडवून धरलं. तिचं आवर्तन रातंदिस चालू हाय. तिनं काय घोडं मारलं तुमचं?"

सहादेव छताकडे बघत होता. गावात त्याला शिव्या देणारे खूप होते, अर्ज करणारे होते, एकदा तर एकानं फावडं उगारलं होतं. कशानं त्याची मान खाली गेली नव्हती. आता गेली. तो रडला, आणि रडताना राहीबाईचा हात धरून ठेवला. थोड्या वेळानं त्यानं उशाखालची वही काढली.

"तू लिव," म्हणाला.

राहीबाई चौथी शिकलेली. तिनं पेन घट्ट धरून सावकाश लिहिलं, 'साडेचार तास पाणी अडवले. चूक झाली.' मग वही त्याच्यापुढे धरली. ज्या माणसानं एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या सह्या घेतल्या, त्यानं त्या ओळीखाली स्वतःची सही केली.

दुसऱ्या दिवशी आकडा दोन पूर्णांक दोन आला. तिसऱ्या दिवशी एक पूर्णांक आठ. पाचव्या दिवशी डॉक्टर यामिनी स्वतः चालत खाटेपाशी आल्या आणि म्हणाल्या, "एक पूर्णांक तीन. राहीबाई, तुमची किडनी चिवट आहे. पण आता पुन्हा नाही हं."

"पुन्हा न्हाई," राहीबाई म्हणाली. सहादेवला कुणी विचारलंच नाही.

त्यानंतर सहादेवच्या मनगटावरच्या घड्याळात दर दोन तासांनी गजर वाजू लागला आणि गावाला तो ओळखीचा झाला. ग्रामसभेत साहेब बोलत असताना गजर झाला की सहादेव उठून जायचा. पुतणीच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांत वाजला, तर वऱ्हाड्यांनीच वाट करून दिली. रोजचं तीन लिटर पाणी, वेळेवर गोळ्या, दोन तासांनी लघवी. आणि पिशवी? तिची ती हळूहळू वाढली. कुणी न अडवता ती तीनशेवर आली.

जानेवारीत रब्बीचं आवर्तन सुटलं आणि सहादेव चावी घेऊन दारावर आला. डॉक्टरांनी परवानगी दिली होती, पण तोंडाला मास्क लावून आणि ओझं न उचलता. चावी फिरवायला खात्यानं जोडीला मजूर दिला होता, तरी चावी सहादेव आपल्याच मांडीवर ठेवायचा आणि गजर झाला की ती घेऊनच आडोशाला जाऊन यायचा. राहीबाई डबा आणि पाण्याची बाटली घेऊन दुपारी येऊन बसायची. लोक म्हणायचे, आता सात नंबरला दोन पाटकरी.

पाळी वर सरकत सरकत मुखाच्या अलीकडच्या शेतापर्यंत आली. त्या शेताची वीस मिनिटं उरली होती. त्यानंतर वाल्मिकची पाळी. वाल्मिक आधीच चार माणसं आणि फावडी घेऊन हजर. खालच्याचं भरून झालंय, पाणी ओढ्याला चाललंय, दार आत्ताच माझ्याकडे फिरवा, असा त्याचा हेका. खालचा शेतकरी ओरडत होता की त्याचा एक वाफा राहिलाय. दोन्हीकडची माणसं जमली, आवाज वाढले. आणि नेमका त्याच वेळी मनगटावर गजर झाला.

सगळ्यांनी सहादेवकडे पाहिलं. जो माणूस भांडण चालू असताना जन्मात दारावरून हलला नाही, तो आता भर भांडणात उठला तर लोक म्हणणार, पाटकरी पळाला. काही महिन्यांपूर्वीचा सहादेव असता तर त्यानं दात आवळले असते. त्याला ते सगळं दिसलं, आणि पुण्याच्या वॉर्डातली ती ओळ दिसली, खाली त्याच्या सहीसकट.

तो उठला. मांडीवरची चावी राहीबाईच्या हातात दिली. "वीस मिन्टं हायेत," म्हणाला, आणि भरावाच्या पलीकडे बाभळीच्या आडोशाला निघून गेला.

तो दारावर असताना एकतीस वर्षांत ती चावी त्यानं कुणाच्या हवाली केली नव्हती. राहीबाई पदर खोचून दारापुढे उभी राहिली. वाल्मिक दोन पावलं पुढे आला.

"राही, दे इकडं चावी."

"तुजी पाळी न्हाई अजून, दादा."

"मी तुजा भाऊ हाय."

"म्हनून तर गोड बोलते. बस तिथं."

वाल्मिक उभा राहिला. भरावावरून सहादेव परत येताना त्याला दिसला. मास्क लावलेला, वाळलेला, सावकाश पाय टाकणारा, हात धुऊन पंचाला पुसणारा. वाल्मिकच्या मनात काय आलं ते त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. त्यानं फावडं जमिनीवर ठेवलं आणि भरावावर बसला. त्याची माणसंही बसली.

वीस मिनिटं झाली. खालच्याची सही झाली. दार फिरलं आणि वाल्मिकच्या उसात पाणी शिरलं. त्याच्या वाट्याला पुरते सात तास होते. राहीबाईनं डबा उघडला, एक भाकरी मोडून भावापुढे धरली. त्यानं ती घेतली. पाण्याचा आवाज होता, तेवढा पुरेसा होता. राहीबाईचं मन मात्र आज भरून आलं होतं. भाऊ एका बाजूला, नवरा एका बाजूला, आणि मधोमध ती, मांडीवर चावी घेऊन. अशी ती कधी बसली नव्हती.

बघता बघता ऊन कलायला लागलं. सहादेव वहीत काहीतरी लिहीत होता. गजर वाजायला अजून मिनिटभर अवकाश होता, तोच वाल्मिकनं आपल्या मोबाईलमध्ये वेळ पाहिली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्याशी सरळ बोलला.

"दाजी, दोन तास झालं. उठा. जाऊन या."

सहादेवनं त्याच्याकडे पाहिलं. मग तो उठला, पंचा खांद्यावर टाकला आणि बाभळीकडे निघाला. जाताना त्यानं राहीबाईच्या मांडीवरची चावी नीट तिच्या हातात आहे ना, ते मात्र एकदा बघून घेतलं.